उलटा कोट

केतनचा कोट रोज सकाळी त्याची बायको सोनल बंद करायची. तो दारात रस्त्याकडे तोंड करून, हात पसरून उभा राहायचा आणि ती मागून खालपासून वरपर्यंत एकेक बटण दाबत यायची. चाप बटणं, टक् टक् आवाज करणारी. शेवटचं मानेखालचं बटण लागलं की त्याच्या पाठीत एक थाप मारायची. मग तो गाडीला किक मारायचा.

पावसाळ्यात कोट उलटा घालायचा ही आमच्याकडच्या गाडीवाल्यांची रीत झाली आहे. कोट लांब असतो, पोटऱ्यांपर्यंत येतो. सरळ घातला तर गाडी पळताना बटणांच्या फटीतून वारा शिरतो, पाऊस थेट छातीवर येतो आणि संध्याकाळी माणूस खोकत घरी येतो. उलटा घातला की छातीवर सलग रबर, कुठे फट नाही. सीटवर बसायला मागे जी चीर दिलेली असते ती पुढे येते आणि कोटाचे दोन भाग टाकीच्या दोन्ही अंगांनी पायांवर पडतात. अडचण एवढीच की स्वतःचा कोट स्वतःला बंद करता येत नाही. त्याला घरातलं कोणीतरी लागतं.

काढायला मात्र कोणी लागत नाही. समोरून दोन्ही बाह्या धरून एक हिसका दिला की मागची चाप बटणं पटापट सुटतात आणि कोट पुढे हातात येतो. केतन तसाच काढायचा, आणि त्याला तो रोज काढावा लागायचा, कारण तो होल्डिंगवर कामाला होता.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बांधाला लागून मोठा तलाव केलेला आहे, त्याला सगळे होल्डिंग म्हणतात. शहरातलं पावसाचं पाणी नाल्यांनी त्यात येतं आणि ओहोटीला मोठ्या लोखंडी झापांतून खाडीत जातं. भरती चढली की खाडीच्या रेट्याने झापा आपोआप मिटतात आणि खारं पाणी बाहेरच राहतं. हे झालं ठरवल्याप्रमाणे चाललं तर. नाल्यातून ओंडके येतात, फाटक्या गाद्या येतात, गोण्या येतात, आणि त्यातलं काहीतरी झापेच्या ओठात अडकतं. मग झाप मिटत नाही. उधाणाचं पाणी आत शिरतं, नाल्यांतून उलटं चढतं आणि सगळ्यात आधी आमच्या गल्लीत येतं, कारण आमची गल्ली सखल आहे. अडकलेलं काढायचं काम केतन आणि त्याचा जोडीदार कुलदीप यांचं. लांब बांबूची आकडी असते. आकडीने नाही निघालं तर एकाने कमरेला दोर बांधून पायऱ्यांनी झापेपाशी उतरायचं आणि दुसऱ्याने वर दोर धरायचा.

उतरायच्या आधी अंगावरचं काढायचं, हा आमच्या घरातला नियम त्या नोकरीपेक्षा जुना आहे. शहर झालं नव्हतं तेव्हा तिथेच आमच्या भातशेतांची उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, पावसाचं पाणी सोडायला आणि खारं अडवायला. माझे मालक त्या उघाडीवर उतरायचे. इरलं, सदरा, सगळं बांधावर ठेवायचं, कमरेला दोर, दोराचं टोक वरच्या माणसाच्या हातात. एका पावसात माझा धाकटा दीर थंडी वाजते म्हणून अंगातलं जाड जाकीट न काढता उतरला. जाकिटाचा कोपरा फळ्यांत अडकला. पाणी चढत होतं. वर चारजण दोर ओढत होते, पण कोपरा सुटला नाही आणि ओल्या जाकिटातून त्याला हात काढता आला नाही. केतन तेव्हा जन्मलाही नव्हता. पण हे त्याने माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की कोट रेलिंगवर टांगल्याशिवाय तो पहिली पायरी उतरत नाही.

त्या दिवशी सोनलची महाप्याच्या कंपनीत सकाळची पहिली पाळी होती. ती उजाडायच्या आत गेली. अमावास्या आदल्या दिवशी झालेली, म्हणजे दुपारी मोठं उधाण. पाऊस रात्रभर थांबला नव्हता. केतन घाईत होता. मी मागे उभी राहून बटणं लावायला गेले तर वरच्या बटणांची एक बाजू निघून आलेली. खालची लागत होती, वरची उघडी.

"राहू दे आई, तसाच जातो."

"तसाच जा न् छातीत पानी घेऊन ये. मंग काढा करायला मी हायच."

मालकांची जाळ्याची पेटी अजून माळ्याखाली आहे. त्यातली जाड सुती दोरी काढली. ती त्याच्या बगलांतून काढली, पाठीवर फुली घातली, कमरेला दोन वेढे दिले आणि मागे गाठ मारली. हाताला जी गाठ येते ती मारली. विचार केला नाही. उरलेलं टोक कोयतीने कापून गॅलरीत टाकलं.

"पार्सल केलंस माझं," केतन म्हणाला.

"पोचलास म्हंजे झालं."

"पत्ता लिही वर. नायतर परत येईन."

मी सोनलसारखी त्याच्या पाठीत थाप मारली. तो गेला. कोटाचा निळा रंग गल्लीच्या तोंडाशी पावसात दिसेनासा झाला.

मी तांदूळ निवडले. सुके बोंबील भाजायला काढले. खाली, आमच्या भाड्याच्या खोलीत, भैरूभाऊ बाजारातून आले त्याचा आवाज ऐकला. ते मूळचे साताऱ्याकडचे, भाजीबाजारात आयुष्यभर पोती वाहिली. आता पाठ जमत नाही तरी पहाटे जातात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. त्यांची बायको विजयमाला कमरेचं ऑपरेशन होऊन खाटेवर आहे. तिला कोणी उठवल्याशिवाय उठता येत नाही.

गॅलरीत पागोळ्यांचं पाणी फार साठलं म्हणून मी झाडू घेऊन बाहेर आले, आणि सकाळी कापून टाकलेलं दोरीचं टोक पायाला लागलं. उचललं. ते फुगून बोटाएवढं झालं होतं. त्यात एक वेढा पडला होता, साधा, कोणी न मारलेला. तो सोडवायला गेले तर नखाला दाद देईना.

तेव्हा मला कळलं मी सकाळी काय केलं ते. ती मचवा बांधायची गाठ होती. लग्न होऊन आले तेव्हा मालकांनी शिकवलेली, चाळीस पावसाळे मी तीच मारत आले. मचवा रात्रभर लाटांवर हिसके मारतो, म्हणून ही गाठ ओढली की आवळते आणि भिजली की आणखी आवळते. वाळल्याशिवाय सुटत नाही. सुटू नये म्हणूनच ती मारतात.

आणि ती मी माझ्या मुलाच्या पाठीवर मारली होती, जिथे त्याचा हात पोचत नाही.

मी स्वतःला म्हटलं, त्यात काय, भिजत नाही ना पोरगा. कोट काढायची वेळच आली नाही तर? झाप मिटली असेल तर तो पंपाच्या खोलीत चहा पीत बसला असेल. तेवढ्यात खाली गटाराकडे नजर गेली. आमचं गटार नाल्याकडे वाहतं. त्याचं पाणी उभं राहिलं होतं. मग हळूहळू त्याच्यावरची एक करवंटी हलली आणि दारासमोरून वर, देवळाच्या बाजूला जायला लागली. खाडीकडे नाही. खाडीकडून.

झाप मिटली नव्हती. आता कोणालातरी उतरावं लागणार होतं, आणि कुलदीप दिवाळीनंतर लागलेला, तो अजून कधी उतरला नव्हता.

मी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, वाजत राहिला. मग आठवलं, फोन तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. कोटाच्या आत. कोटाखालून हात घातला तरी दोरीच्या वेढ्यांनी तो कमरेशी अडत असणार. त्याला आपल्याच अंगावर वाजणारा फोन काढता येत नव्हता. सोनलला लावायचा तर कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात. कुलदीपचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मी कोयती पिशवीत टाकली, पदर खोचला आणि खाली आले.

भैरूभाऊ दारात उकिडवे बसून गटाराकडेच बघत होते. माझ्या हातातली पिशवी आणि तिच्यातून डोकावणारी मूठ त्यांनी बघितली.

"मालकीणबाई, कुणाचा गळा कापाया निगाला?"

"तुमची स्कूटर चालू हाय का?"

"चालू हाय म्हंजे, ती म्हातारी माझ्यावाणी हाय. सकाळी खोकती, मग चालती. जायाचं कुटं?"

मी सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. उठले, आत गेले. विजयमालाचा आवाज आला, "कुटं चाललाय ह्या पावसात?"

"केतनकडं. गेलो न् आलो."

"पानी चढतंय का वो बाहेर?"

"न्हाई. तू पड."

ते खोटं होतं. पाणी रस्त्याच्या कडेवर आलं होतं. भैरूभाऊंनी आपला लांब कोट अंगात घातला, तोही उलटाच, आणि माझ्याकडे पाठ केली. मी बटणं लावली. एक बटण दोनदा लावावं लागलं.

"माझं पार्सल नका करू," ते म्हणाले. मला सकाळचं आठवलं.

स्कूटरवर मागे बसणाऱ्याचं एक काम असतं. पुढच्याच्या कोटाचा घोळ धरून ठेवायचा, नाहीतर तो मागच्या चाकात जातो. मी एका हातात त्यांच्या कोटाचा घोळ धरला, दुसऱ्या हातात पिशवी. पाऊस आडवा येत होता. मोठ्या रस्त्यावर गाड्या पाण्यातून रांगत होत्या, आणि त्यांच्यामधून असेच उलटे कोट घातलेले गाडीवाले निघाले होते, खाण्याचे डबे पोचवणारे, कंपनीचे, पोर्टकडे उरणला जाणारे. प्रत्येक निळ्या कोटावर माझी नजर जाई. एक उभा दिसला, गाडीशी वाकलेला. तो नव्हता.

"तो शहाणा पोरगा हाय," भैरूभाऊ मान न वळवता ओरडून बोलले. "कोट निगत न्हाई म्हटल्यावर उतरंल का?"

"गल्लीत पानी शिरताना बगत बसणारा तो नाय."

त्यांच्या गाडीने एक ठसका दिला, बंद पडतेय असं वाटलं, पण पडली नाही.

मला तो दीर दिसत होता. त्याचा चेहरा आता आठवत नाही, जाकीट आठवतं. तपकिरी, कोपरांवर झिजलेलं. मुंबईहून कोणीतरी आणून दिलं होतं आणि त्याला ते इतकं आवडायचं की उन्हातही घालायचा. जाकिटाला निदान पुढून बटणं होती. केतनच्या अंगावर लांब कोट होता, पोटऱ्यांपर्यंत, पाण्यात उतरला की खालून हवा भरून फुगणारा, आणि झापेतून पाणी आत ओढलं जात होतं. कोटाचं टोक त्या ओढीला लागलं तर.

बांधाच्या कच्च्या वाटेला गाडी जाईना. स्कूटर तिथेच टाकून आम्ही चालत निघालो. भैरूभाऊंच्या कोटाचा घोळ चिखलात लोळत होता. पावसातून आधी तलाव दिसला, भरलेला, मातकट. मग झापांचा कट्टा. मग रेलिंग.

रेलिंगवर कोट नव्हता.

मी थांबले. कोट रेलिंगवर असता तर तो बिनकोटाचा उतरला असं समजून मी देवाचे आभार मानले असते. कोट नव्हता, म्हणजे कोट त्याच्या अंगावर होता. कट्ट्यावर माणूसही कोणी नव्हतं. आकडी आडवी पडलेली, दोराचं वेटोळं तिच्याशेजारी.

"दोर वरच हाय," भैरूभाऊ म्हणाले. "मालकीणबाई, दोर वर हाय. म्हंजे उतरला न्हाई."

"नायतर बिनदोराचा उतरला."

ते पुढे गेले. कट्ट्याच्या टोकाशी पंपाची खोली आहे, तिच्या मागून मला कुलदीपचा आवाज ऐकू आला. कसली तरी शिवी होती. मी आयुष्यात कुठली शिवी इतक्या आनंदाने ऐकली नसेल.

खोलीच्या पत्र्याखाली केतन भिंतीला दोन्ही हात टेकून, पाय फाकून उभा होता, पोलिसांनी झडती घ्यावी तसा. त्याच्या मागे कुलदीप गुडघ्यावर बसून दातांनी गाठ ओढत होता. माझी गाठ. ती एवढीशी, कडक, सुपारीसारखी झाली होती.

"काकू," कुलदीप तोंडातले धागे थुंकत म्हणाला, "ही गाठ ज्यानं मारली त्याला म्हणावं, सोडायला पण तूच ये."

केतन वळला. "आई, तू इथं कशी? फोन तू करत होतीस? मला छातीवर गुदगुल्या होत होत्या नुसत्या."

मी त्याचा दंड धरला. धरून ठेवला. कोरडा होता तो आतून, कोट चांगला लागला होता. काही वेळ मला तेवढंच पुरेसं वाटलं.

मग त्याने सांगितलं. मधल्या झापेत गादी अडकली होती आणि गादीमागे ओंडका. आकडीने गादी फाटली, निघाली नाही. कुलदीपच्या फोनवरून ऑफिसला कळवलं, मशीन निघालं आहे पण पुलाखाली पाणी भरलंय, तिथे अडकलं आहे. कुलदीप मी उतरतो म्हणाला, केतनने नको म्हटलं. "हा गावाकडच्या विहिरीत पोहणारा. विहीर ओढत नाय माणसाला. इथं पाणी ओढतं." आणि त्याला स्वतःला कोट निघत नव्हता. डोक्यातून काढायला गेला तर दोरी बगलेत रुतली. फाडायला गेले तर रबराच्या आत कापड होतं, ते फाटेना. चावीने घासून बघितलं.

"मी आता गाडी काढून सुरी आणतो कुठून तरी," कुलदीप म्हणाला. "हायवेपर्यंत टपऱ्या सगळ्या बंद आहेत. पण आणतो."

केतनने वाकून पायऱ्यांकडे बघितलं. खालची पायरी बुडाली होती. वरची बुडाली की उतरायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. भरती पूर्ण व्हायला अजून वेळ होता. वरची पायरी बुडायला फारसा नव्हता.

"तू येईपर्यंत बुडेल ती," केतन म्हणाला. "तरी जा."

पिशवी माझ्या हातात होती. पदराखाली.

मी ती उघडली नाही. हे मी ठरवलं असं नाही, पण हात हलला नाही. कुलदीप जाईल, हायवेपर्यंत जाईल, सुरी मिळवेल, परत येईल. तोपर्यंत पायरी बुडेल आणि कोणीच उतरणार नाही. झाप उघडी राहील. गल्लीत पाणी येईल, खालच्या घरांत येईल, गाद्या भिजतील, फ्रिज जाईल. जाऊ दे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. माझा मुलगा इथे या पत्र्याखाली माझ्या गाठीत बांधलेला राहील, कोरडा. मी ज्या गाठीच्या भीतीने धावत आले होते ती गाठ आता मला सोडायची नव्हती.

भैरूभाऊ माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग तलावाकडे बघायला लागले.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी कोट मागून उघडला, बटणं टकटक सुटली, खिशातून फोन काढून कानाला लावला. विजयमालाचा आवाज मलाही ऐकू येत होता. काय म्हणते ते कळत नव्हतं, आवाज चढलेला कळत होता.

"उंबऱ्यापर्यंत?" भैरूभाऊ म्हणाले. "आत न्हाई ना आलं? मग खाटंवरच ऱ्हा. पाय खाली सोडू नको. न्हाई, काय न्हाई. होतंय हितं. बुडायची कशाला येळ ईल? गीतांजलीला हाक मार शेजारच्या. न्हाई ती घरी? बरं. मी हाय ना. होतंय म्हटलं ना."

फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीकडेही नाही. खोलीतून पंपाचा घरघराट येत होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि तो माणूस तोंडातून शब्द न काढता उभा होता. त्याने एक शब्द बोलायचा होता फक्त. तो बोलला असता तर मला त्याचा राग धरता आला असता. कुलदीप गाडीकडे निघाला.

"थांब," मी म्हटलं.

कोयती बाहेर काढली.

केतन माझ्या हाताकडे बघत राहिला. "तुझ्याकडं होती?"

"वळ तिकडं."

तो वळला. भिंतीला हात टेकले. मी दोरीखाली बोट घालून ती गाठीच्या बाजूला कापली. एक वेढा, दुसरा वेढा, मग पाठीवरची फुली. कोटालाही चीर गेली, लांब. त्याने बाह्या धरून हिसका दिला आणि कोट हातात आला. जाऊन रेलिंगवर टांगला. सदरा काढला, तोही टांगला. पाठ उघडी झाली तेव्हा तिच्यावर दोरीचे लाल वळ दिसले, फुलीसारखे.

दोर तो स्वतः बांधायला लागला. मी त्याच्या हातातून घेतला.

"आता मचव्याची मारणार?"

"हो."

या वेळी मला माहीत होतं मी कुठली गाठ मारते आहे. कमरेला वेढा घेतला, श्वास सोडायला लावला, आवळली. दोराचं टोक कुलदीपने रेलिंगच्या खांबाला एक पीळ देऊन धरलं, त्याच्या मागे भैरूभाऊ, त्यांच्या मागे मी. केतन पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्यांना, मग मांड्यांना लागलं. मग कट्ट्याच्या आडोशाला गेला आणि दिसेनासा झाला. दिसत होता फक्त दोर.

दोर हलत होता तोवर ठीक होतं. हलतोय म्हणजे तो काहीतरी करतोय. आकडी कशावर तरी आपटल्याचे आवाज येत होते. मग आवाज थांबले. गादीचा एक तुकडा फेसातून बाहेर आला आणि तलावात फिरायला लागला. त्याच्यामागून ओंडक्याचं काळं टोक वर आलं, आडवं झालं, आणि आत कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळलं. आवाज पायाखालून आला. कट्टा हादरला.

दोर ढिला पडला.

"वढू का?" भैरूभाऊंनी विचारलं.

"केतन," कुलदीपने हाक मारली. उत्तर आलं नाही.

मालक म्हणायचे, दोर ताणला तर माणसाला पाण्यानं नेलं, ढिला असला तर माणूस जवळ आहे. मी ते मनात म्हणत होते आणि माझा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. ते लाकडी उघाडीसाठी होतं. हे लोखंड होतं. ढिला दोर तुटलेलाही असतो.

"नका ओढू," मी म्हटलं. "हळू गोळा करा."

भैरूभाऊंनी हातावर हात ठेवत दोर गोळा केला. येत गेला, हलका, नुसता दोर. मग थांबला. पलीकडून कोणीतरी दोन हिसके दिले.

आम्ही तिघांनी मिळून ओढला तेवढा कदाचित ओढायची गरज नव्हती. केतन पायऱ्यांवर चढत होता आणि आम्ही त्याला जवळजवळ पाडला. तो वर आला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं होतं आणि दात वाजत होते.

"हाक मारली तर ओ द्यायची," मी म्हटलं.

"तोंडात पानी होतं."

कुलदीपने त्याला पंपाच्या खोलीत नेऊन मोटारीच्या गरम अंगाला पाठ लावून बसवलं. गाठ सुटत नव्हती, साहजिकच. कुलदीपने कोयती मागितली. मी म्हटलं, राहू दे, वाळली की सुटेल. मग आम्ही सगळेच तिथे बसलो. बाहेर खाडी झापांवर चढत होती, आणि आत तलावाचं पाणी जिथे होतं तिथेच राहिलं.

भैरूभाऊंनी घरी फोन लावला. ऐकलं, "बरं बरं" म्हणाले, ठेवला. "उंबऱ्यावरनं खाली गेलं," ते म्हणाले. "आता म्हणती, येताना चहापत्ती आणा."

पाऊस जरा कमी झाल्यावर आम्ही दोघं बांधावरून परत निघालो. वाट निसरडी होती, ते पुढे, मी मागे. बऱ्याच अंतराने ते म्हणाले, "मला वाटलं, कोयतीचं इसरला तुमी."

"नव्हते विसरले."

"ठावं हाय," ते म्हणाले. पुढे चिखलाचा खड्डा होता, त्यांनी मागे हात दिला.

दुसऱ्या दिवशी सोनलची परत पहिली पाळी होती. चांभाराने कोटाला ठिगळ चिकटवून दिलं होतं आणि वरची बटणं नवी ठोकली होती. केतन दारात हात पसरून उभा राहिला, मनगटाला पट्टी बांधलेली.

"दोरी कुठाय?" त्याने विचारलं.

"चुलीत घातली. सरळ उभा रहा."

मी खालपासून बटणं लावत आले. मानेखालचं लागलं. थाप मारायच्या ऐवजी मी कोटाच्या दोन्ही बाजू धरल्या आणि जोरात ओढल्या. बटणं सगळी पटापट सुटली. परत खालपासून लावत आले. परत ओढली. सुटली.

"आई, उशीर होतोय."

"उभा रहा," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा लावायला घेतली.